गॅरेजवरची खोली

माझ्या मुलीचं म्हणणं असं, की मी स्वर्गात गेले तरी तिथल्या पडद्यांना नावं ठेवीन. गेनोर माझी एकुलती एक, तेव्हा तिला माझा अनुभव भरपूर. मी म्हणते, पडदे वाईट असतील तर कुणीतरी सांगायला नको का? ग्रिम्सबीच्या मासळी बाजारात माझा जन्म गेला. तिथे शिळा मासा बघून गप्प बसणारी बाई चांगल्या स्वभावाची नव्हे, बिनकामाची समजली जाते.

माझे व्याही विल्फ ओल्डरॉइड याच्या बरोबर उलट. यॉर्कशरचा माणूस, लोकरीच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करण्यात हयात गेलेली. त्यांना काहीही विचारा, उत्तर एकच, "तक्रार नाही." हर्नियाचं ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी मी द्राक्षं घेऊन दवाखान्यात गेले, तर नाकात नळी असताना ते म्हणाले, "तक्रार नाही." बायको गेली त्या आठवड्यात चर्चच्या दारात पाद्र्यानं त्यांचा हात हातात घेऊन विचारलं, तेव्हाही तेच. इकडच्या लोकांत हा मोठा गुण धरतात. मला तो दुखण्याचा प्रकार वाटतो, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. ते म्हणाले, असेल.

त्यांच्या घरी नियम होता, की एक नोव्हेंबर उजाडल्याशिवाय हीटिंग लावायचं नाही. तसा हा नियम आमच्याकडे पुष्कळ घरांत असतो, पण बाकीचे लोक ऑक्टोबरात पाहुणे येणार म्हणून, नाहीतर कपडे वाळेनात म्हणून हळूच तासभर लावून घेतात. विल्फ नाही. थंडी वाजली तर स्वेटर घालायचा, आणखी वाजली तर त्यावर दुसरा घालायचा, आणि तरीही वाजली तर झोपायला जायचं.

त्यांचा मुलगा रसेल, म्हणजे माझा जावई, असल्या घरात वाढला. रसेल बरा मुलगा आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढच्या हकिकतीवरून तसं वाटायचं नाही. लहानपणी तो शाळेचे कपडे पांघरुणाच्या आतच घालायचा. तेव्हाच त्यानं मनाशी धरलं होतं, की आपलं घर होईल ते उबदार होईल आणि म्हातारपणी बाबांना त्यात आणून ठेवायचं. दोन वर्षांमागे ईस्टरच्या सुमारास त्यानं आणि गेनोरनं हडर्सफील्डच्या बाहेर, टेकडीवरच्या नव्या वसाहतीत घर घेतलं. तिथल्या रस्त्यांना पक्ष्यांची नावं आहेत. बुलडोझर आल्यावर जे उडून गेले त्यांचीच असावीत. घर विकणाऱ्या पोरीनं त्यांना सांगितलं, हे घर म्हणजे थर्मास आहे, आत ठेवाल ते गरम राहील. रसेलनं हे वाक्य इतक्या जणांना ऐकवलं, की शेवटी पोस्टमन ते त्याच्या आधी म्हणायला लागला.

विल्फनी आपलं जुनं दगडी घर सोडलं आणि ते मुलाकडे आले. त्यांना गॅरेजवरची खोली दिली. घरातली सगळ्यात मोठी खोली, खिडकीसमोर सबंध माळरान पसरलेलं. आपण मागची लहान खोली घेऊ पण बाबांना ही द्यायची, असा रसेलचा हट्ट होता. घरातल्या उबेचा आकडा त्याच्या फोनवर दिसायचा. आकडा कायम एकवीस. कुणी हात चोळताना दिसलं की रसेल फोन पुढे करायचा. ऊब मोजणारी डबी मात्र खाली, जिन्याखालच्या गरम पाण्याच्या कपाटाशेजारी लावलेली होती. फोन काही ते सांगत नाही.

पहिल्या हिवाळ्यात विल्फ जरा मंदावले. सकाळी उशिरा खाली यायचे, शर्टाची बटणं एक घर चुकलेली असायची, जीभ जड. गेनोर फोनवर म्हणायची, वय झालं, आई. उन्हाळ्यात परत ठीक. जूनमध्ये मी आले होते तेव्हा माझ्या भाजलेल्या मटणाची त्यांनी भर टेबलावर टर उडवली. बोटीच्या इंजिनाला वॉशर म्हणून हे चांगलं बसेल, म्हणाले. दुसरा हिवाळा लागला आणि प्रकरण चिघळलं. किटली फ्रिजमध्ये सापडली. गेनोरला ते एडिथ म्हणाले. एडिथ ही त्यांची गेलेली बायको. दुपारी क्लबात जाऊन शेगडीशेजारी बसले की डोमिनोजचे डाव जिंकून यायचे, पण त्याचा अर्थ घरच्यांनी एवढाच लावला, की या दुखण्यात चढउतार असतातच.

डॉक्टरांकडे सकाळची पहिली वेळ मिळाली. डॉक्टरबाईंनी घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. विल्फनी काढलं, पण सगळे आकडे एका बाजूला गोळा झाले. साल चुकलं. पंतप्रधान कोण, असं विचारलं तर म्हणाले, आठवत नाही, आणि त्यावाचून काही अडलेलंही नाही. शेवटी बाईंनी विचारलं, कसला त्रास होतो का? त्यावर विल्फ काय म्हणाले ते सांगायला नकोच. बाईंनी मोठ्या तपासणीसाठी त्यांचं नाव पुढे पाठवलं.

मग जानेवारीत एका सकाळी ते जिन्यात पडले. मोडलं काही नाही, पण रसेलनं धसका घेतला. गावातल्या 'द लॉरेल्स' नावाच्या वृद्धाश्रमात थोडे दिवस ठेवून बघायचं आणि रुळले तर महिनाअखेरपासून कायमचं, असं ठरलं. रसेलनं हे बापाला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगितलं. विल्फनी एवढंच विचारलं, की चष्मे दोन्ही न्यायचे का. आश्रमातल्या लोकांनी बजावलं, सुरुवातीला भेटायला येऊ नका, घरचं माणूस दिसलं की ही मंडळी रुळत नाहीत. त्यामुळे कुणी गेलं नाही.

आता माझं सांगते. ग्रिम्सबीला मी तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, आणि माझ्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला आहे. गेनोर फोनवर रडली आणि रडता रडता म्हणाली, की विल्फ तिकडे रुळले तर ती खोली तुझीच. मला वाईट वाटलं. पण वाईट वाटायच्या आधी एक क्षण त्या खिडकीला कुठल्या रंगाचे पडदे शोभतील, हे माझ्या मनात येऊन गेलं.

खोली कशी काय वाटते ते बघायला म्हणून मी दोन बॅगा घेऊन गेले. पोचल्याबरोबर माझ्या ध्यानात आलं, की रस्त्याला एकाच बाजूनं पदपथ आहे, स्वयंपाकघरातला नळ बोलतो, आणि चहा पाणचट आहे. हे मी सांगितलं. मग वर जाऊन झोपले.

झोपले म्हणजे आडवी झाले. नाइटगाऊनवर कार्डिगन घातलं, त्यावर कोट, आणि शेवटी कपाटात विल्फची कानटोपी राहिली होती ती. पायाशी गरम पाण्याची पिशवी. रेडिएटर गरम होता, नाही असं नाही. त्याला पाठ टेकून उभी राहिले तर पाठ भाजायची आणि पाय गारठायचे. सकाळी ग्लासातली कवळी काढायला गेले तर बोटं वळेनात.

मी कोट घालूनच खाली आले आणि म्हटलं, त्या खोलीत माणूस ठेवायचा नसतो, मासे ठेवायचे असतात. गेनोरनं टोस्टला लोणी लावता लावता उसासा टाकला. म्हणाली, आई, काल चहा झाला, नळ झाला, पदपथ झाला, आज खोली का? रसेलनं फोन पुढे केला. एकवीस. मी म्हटलं, मग आज रात्री त्या फोनला माझ्याजवळ झोपव. त्यावर तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "मॅव्हिस, एखादा स्वेटर जास्त घाला ना." हे सांगताना तो हुबेहूब बापासारखा दिसत होता, आणि त्याला ते कळत नव्हतं.

यात माझीच अडचण अशी, की मी तक्रार करते हे सगळ्यांना इतकं ठाऊक आहे, की माझी तक्रार कुणाच्या कानातच शिरत नाही. दुसऱ्या दिवशीही मी सांगितलं, तिसऱ्या दिवशीही सांगितलं. गेनोर म्हणाली, तुला ग्रिम्सबीची आठवण येत असेल. मी गालिच्यावर हात ठेवून बघितला, तो ओलसर वाटावा इतका गार. पण याच पलंगावर दोन हिवाळे विल्फ झोपले, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मला फक्त माझी थंडी दिसत होती.

रविवारी रसेलचा वाढदिवस होता. त्याला माझ्या हातचं ट्रायफल लागतं. खाली केक आणि पीच, त्यावर जेली, त्यावर कस्टर्ड, वर फेटलेलं क्रीम. शनिवारी दुपारी मी जेली ओतली आणि बघते तर फ्रिजमध्ये बोट शिरवायला जागा नाही. बीफचा भला मोठा तुकडा, सूपची पातेली, बियर. गेनोर म्हणाली, राहू दे, या वेळी बाजारचा केक आणू. मी म्हटलं, मला फ्रिज नको. काचेचं भांडं उचललं, वर नेलं आणि पलंगाखाली सरकवलं. त्यात थोडा कावेबाजपणा होता हे कबूल करते, पण थोडाच. मुख्यतः मला जेली घट्ट करायची होती. थोड्या थोड्या वेळानं जाऊन कस्टर्ड घातलं, क्रीम घातलं, आणि रात्रभर ते माझ्याखाली राहिलं.

रविवारी बीफ झालं, यॉर्कशर पुडिंग झालं, आणि मी ट्रायफल टेबलावर आणलं. चमचा घातला तर थर कसे सुरीनं कापल्यासारखे सुटे निघाले. रसेल दोनदा वाढून घेऊन म्हणाला, आजवरचं सगळ्यात चांगलं. गेनोरनं घास तोंडात घातला आणि तशीच थांबली. ट्रायफल ती माझ्याकडूनच शिकलेली आहे.

"आई, हे कुठे ठेवलं होतंस?"

"खोलीत."

"खोलीत कुठे?"

"पलंगाखाली."

रसेल हसला. म्हणाला, पलंगाखाली जेली जमेलच कशी, घरात एकवीस आहे. तो स्वतःच बोलायचा थांबला. त्याचा चमचा वाटीवर राहिला, आणि तो माझ्याकडून गेनोरकडे आणि गेनोरकडून माझ्याकडे बघायला लागला.

गेनोर म्हणाली, "बाबा त्याच पलंगावर झोपायचे, रसेल."

ती उठून वर गेली. आम्ही मागोमाग गेलो तर ती पलंगाशेजारी जमिनीवर आडवी पडली होती, गाल गालिच्याला लावून, वाढदिवसाच्या कपड्यांत. रसेल खाली जाऊन बीफमध्ये खुपसायचा थर्मामीटर घेऊन आला. तो रस्सा लागलेला थर्मामीटर त्यानं पँटला पुसला आणि गालिच्याच्या कडेला, भिंतीच्या फटीत खोचला. काटा खाली खाली जाऊन नऊवर थांबला. रसेल गुडघ्यांवर बसून त्या काट्याकडे बघत राहिला. मला त्याला बोलायचं होतं, चार दिवस मी काय सांगत होते म्हणून. पण त्याचा चेहरा बघून ते घशातच राहिलं, आणि माझ्या बाबतीत असं फारसं होत नाही.

घर बांधणाऱ्या कंपनीनं एक माणूस पाठवला. तरुण, टाय लावलेला, बोलायला नम्र. त्यानं आधी आम्हालाच प्रश्न विचारले. कपडे घरात वाळवता का, खिडक्या उघड्या टाकता का, आजोबांना थंडी जास्त वाजते का. हा बऱ्याचदा राहणीचा प्रश्न असतो, म्हणाला. मी म्हटलं, माझ्या जेलीची राहणी बघायची आहे का? मग त्यानं उष्णता दाखवणारा कॅमेरा काढला. बाकीच्या घरात भिंती पडद्यावर पिवळ्या-केशरी दिसत होत्या. गॅरेजवरच्या खोलीत आलो तर भिंती हिरव्या, आणि जमीन या टोकापासून त्या टोकापर्यंत जांभळी. खिडकीच्या बाजूला, जिथे पलंगाची उशी येते, तिथे जवळजवळ काळी. त्या माणसानं कॅमेरा हातात उलटासुलटा करून बघितला, बिघडला की काय म्हणून.

दुसऱ्या दिवशी दोन कामगार आले आणि त्यांनी गॅरेजचं छत उघडलं. छत आणि वरची जमीन यांच्यामध्ये हातभर पोकळी असते. तिथे काचेच्या लोकरीचा जाड थर पसरायचा असतो, म्हणजे गॅरेजमधला गारठा वर जात नाही. लोकर आणलेली होती. गुंडाळ्याच्या गुंडाळ्या, प्लास्टिकमध्ये, पट्ट्या बांधलेल्या, कोपऱ्यात एकावर एक नीट रचून ठेवलेल्या. कुणीतरी त्या तिथे चढवल्या, आणि मग जेवणाची सुट्टी झाली असेल, किंवा शुक्रवार असेल, आणि सोमवारी आलेल्या दुसऱ्याच कुणीतरी खालून छत ठोकून टाकलं असेल. गॅरेजच्या दाराखालून वारा यायचा तो सरळ त्या पोकळीत शिरायचा. टायवाला मान वर करून बघत होता.

"माल तर आलेला आहे," तो म्हणाला.

रसेल त्याच्या अंगावर धावून जाईल असं मला वाटलं. तो गेला नाही. आपल्या मोटारीच्या बॉनेटवर बसला आणि वरच्या त्या गुंडाळ्यांकडे बघत राहिला. ज्या माणसाचा जन्म लोकरीत गेला तो दोन हिवाळे तिच्या एका पट्टीवाचून काकडत होता, हे माझ्या मनात आलं.

कंपनीची गाडी दारात उभी राहिली तसे शेजारी एकेक करून यायला लागले. सहज इकडून चाललो होतो, असं म्हणत. त्या ओळीतली सगळी घरं एकाच नकाशाची. पलीकडच्या मिसेस लाँगबॉटमनी हळू आवाजात विचारलं, की त्या खोलीचंच काही आहे का. त्यांनी आपल्या त्या खोलीत व्यायामाची सायकल ठेवली होती, कारण सायकलवर असताना गारठा कळत नाही. समोरच्यांचं बाळ त्या खोलीत झोपतच नसे. बाळ रडकं आहे असा त्यांनी समज करून घेतला होता. एकानं खोलीला कुलूपच लावलेलं. आणि कुणी कुणाला चकार शब्द बोललं नव्हतं. नवं घर घेतलंय, त्याला आपल्याच तोंडानं कमी कसं म्हणायचं, शिवाय उद्या विकायचं झालं तर? मी त्यांना एकेकाला सांगितलं, की तुम्ही सगळे मूर्ख आहात. त्यांनी माझे आभार मानले.

गेनोरनं डॉक्टरबाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, की म्हातारं शरीर रात्रभर इतकं गारठलं तर जीभ जड होते, हात चालत नाहीत, माणसं ओळखताना घोटाळा होतो. दुखणं तसं दिसतं, पण ते तसं असेलच असं नाही. त्यांना गरम जागी ठेवून परत तपासू या.

गरम जागी ते होतेच, पैसे भरून. आता त्यांना परत आणायचं होतं. खोलीचं काम होईपर्यंत रसेल आणि गेनोर आपली खोली त्यांना देणार होते, आणि लोकर पसरल्यावर ती माळरानाची खिडकी परत विल्फचीच. ते उघडच होतं. मी ग्रिम्सबीचं तिकीट काढून टाकलं. तीन जिने आठवले तेव्हा ते फाडून टाकावंसं वाटलं, हे लपवत नाही.

रसेलबरोबर मी लॉरेल्सला गेले. दारातून आत पाऊल टाकलं तर गरम वाफारा अंगावर आला. तिथे बारा महिने हीटिंग भरपूर चालू असतं. मी कोट काढला, मग कार्डिगन काढलं. तिथल्या मुख्य बाईंनी रसेलला ऑफिसात बोलावलं. जाता जाताच त्या म्हणत होत्या, की मिस्टर ओल्डरॉइडना इथे कशासाठी आणलं ते आमच्या लक्षात येत नाही. ते इतरांची शब्दकोडी सोडवून देतात, आणि त्यावर लोक नाराज आहेत.

विल्फ बैठकीच्या खोलीत खिडकीशी बसले होते, नुसत्या शर्टावर, बाह्या दुमडून. इतक्या वर्षांत मी त्यांचे कोपरापर्यंतचे हात प्रथमच बघत होते. नजर स्वच्छ.

"मॅव्हिस," ते म्हणाले. "खोली पसंत पडली का?"

"नाही."

"वाटलंच मला."

मी खुर्ची ओढून बसले आणि सगळं सांगून टाकलं. जेली, थर्मामीटर, कॅमेरा, छतातल्या बांधलेल्या गुंडाळ्या, डॉक्टरबाई. म्हटलं, तुम्ही दोन हिवाळे मासे ठेवायच्या पेटीवर झोपलात, विल्फ, आणि कुणाला सांगितलं नाहीत. ते ऐकत होते. शेजारच्या टेबलावर दोन बायका पत्ते खेळत होत्या, त्यांचा डाव त्यांनी शेवटपर्यंत बघितला.

"म्हणजे माझं डोकं गेलेलं नव्हतं," ते म्हणाले.

"नाही."

"ती जमीन होती."

"जमीनच होती."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या तोंडून ऐकायला मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं. दिवा मालवला की ते अंथरुणात नावं म्हणायचे. एडिथ, रसेल, गेनोर, माझंसुद्धा. मग गिरणीतल्या यंत्रांचे भाग. मग जुन्या गल्लीतली घरं, ओळीनं. एखादं नाव हाताला लागलं नाही तर ते लागेपर्यंत झोपायचे नाहीत. सकाळी नावं घोटाळायची, म्हणून उशिरा खाली यायचे, सगळी परत जमवून.

"एकदा रसेलचंच येईना," ते म्हणाले. "ते नाव मीच ठेवलेलं. एडिथला दुसरं हवं होतं, तिच्याशी भांडून ठेवलेलं. म्हटलं, आता संपलं. आता यांनी आपल्याला कुठे नेऊन ठेवलं तरी जायचं."

मला त्या माणसाचा इतका राग आला, की डोळ्यांत पाणी आलं. मी रुमाल शोधायला लागले. ते खिडकीबाहेर बघत होते. एवढी मोठी भीती घेऊन हा माणूस रोज टेबलाशी येऊन टोस्ट खात होता, आणि आम्ही त्याची बटणं बघत होतो.

रसेल आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. ऑफिसातच रडून आला असावा. तो बापासमोर उभा राहिला. मोठा, पन्नाशीचा माणूस, हात कुठे ठेवावेत ते न कळून उभा.

"बाबा, थंडी वाजते, एवढं तरी सांगायचं ना मला."

विल्फनी त्याच्याकडे बघितलं आणि मग आपल्या गुडघ्यांकडे.

"एवढ्या हौसेनं घर घेतलंस रे तू," ते म्हणाले. "सगळ्यात मोठी खोली मला दिलीस. मग कसं बोलणार?"

रसेलनं आपला जाड ओव्हरकोट काढला आणि वाकून बापाच्या खांद्यांवर घातला, लहान मुलाला घालतात तसा एकेक हात बाहीतून ओढून, आणि कॉलर वर करून गळ्याशी घट्ट धरली. त्या खोलीत आम्ही सगळे उकाड्यानं हैराण झालो होतो. अहो, त्यांना उकडतंय, असं म्हणायला मी तोंड उघडलंसुद्धा होतं, ते मिटून घेतलं. विल्फच्या कपाळावर घाम आला आणि मानेवरून ओघळत कॉलरमध्ये गेला. घरी पोचेपर्यंत त्यांनी तो कोट अंगावरून काढू दिला नाही.